वैशे, तुझा आवाज पुसतेय

वैशे, तुझं पहिलं वाक्य मी गेल्या आठवड्यात पुसलं. "ही बस कुठं चालली गं?" एवढंच. बटणावर बोट ठेवून बसले होते, सकाळची दुपार झाली तरी ते बोट खाली जाईना. शेवटी आमचे हे पुढच्या दुकानातून ओरडले, "अगं मनीषा, भात लागला वाटतं!" तेव्हा भाताच्या रागानं दाबलं बटण. गेलीस. म्हणजे त्या वाक्यातनं गेलीस. एरवी जाऊन तुला महिना होत आला.

आणि दोष तुझाच आहे, सांगून ठेवते. कानाला हेडफोन लावून मी तुझ्यावर किती खेकसले असेन, की बाई गं, टेक चालू असताना तोंड मिटून बस. पण नाही. आपल्या पिक्चरमधली आई म्हणजे हिराक्का, साठी उलटलेली, पाबळच्या अलीकडच्या वस्तीवरची, जन्मात कधी कॅमेऱ्यापुढं उभी राहिलेली नाही आणि अक्षराशी ओळख नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला पाठ हुईत न्हाई गं पोरी. आधी तू म्हण, मागनं मी म्हंते." झालं! भटजीमागं मंत्र म्हणावेत तसा आख्खा पिक्चर झाला. कॅमेऱ्याशेजारी पालथ्या बादलीवर तू बसायचीस, वाक्य आधी तू म्हणायचीस, मग हिराक्का. बघता बघता सगळ्यांनाच ती चटक लागली. कंडक्टर झालेला तुझ्या कंपनीतला सुपरवायझर काय, चहावाली झालेली माझी जाऊ काय, एकानं म्हणून वाक्य पाठ केलं नाही.

"वैशे, माझ्या रेकॉर्डिंगची माती होतीय," मी म्हणायचे.

"पुसून टाक की नंतर," तू म्हणायचीस. "तुझ्याच हातात हाय."

आता बस म्हणावं. आता खरंच माझ्या हातात आहे.

कंप्युटरवर आवाज टेकड्यांसारखा दिसतो, हे तुला मी दाखवलं होतं. आधी तुझी बुटकी टेकडी, मग जराशी सपाट जागा, मग हिराक्काची मोठी. पिक्चर लोकांपुढं न्यायचा तर तुझ्या सगळ्या टेकड्या सपाट करायच्या. हे म्हणाले, "मूळ फाइल राहणारच आहे की, त्यात आहेच ती." हो, आहे. लग्नातल्या न वापरलेल्या शूटिंगसारखी डिस्कमध्ये पडून राहील. पण लोक बघतील त्या पिक्चरमध्ये तू कुठंच नसशील. आणि तिथून तुला घालवणारी मी. दुसरं कोणी करू म्हणालं तर त्याच्या तंगड्या मोडीन, हेही खरं.

तू दुकानात पहिल्यांदा आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. शिरूरला आमचा फोटो स्टुडिओ. मी आत बसून कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत नवरानवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडत होते. अंगावर कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, अशी तू काउंटरवर कोपर टेकून ह्यांना विचारलंस, "चातुर्मासात लग्नं नसतात, तवा तुमचा कॅमेरा काय करतो?"

हे म्हणाले, "कपाटात असतो."

"मग मला द्या. पिक्चर काढायचाय."

ह्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलंय. मला वाटलं, रिकामटेकडी दिसतेय. पैसा तुझ्याकडं नव्हता आणि ते तू लपवलंही नाहीस. रांजणगावच्या कंपनीत पार्ट तपासणारी बाई, सणसवाडीत एका खोलीत भाड्यानं राहणारी, हिच्याकडं कुठला आलाय पैसा! पण तू गोष्ट सांगायला लागलीस. एका गावाकडच्या आईची मुलगी नवऱ्याला सोडून कंपनीत कामाला आलीय. आईनं शपथ घेतलीय की तिचा उंबरा चढणार नाही. आणि एक दिवस ती आई कुणाला न सांगता निघते, बस बदलत, विचारत विचारत, लेकीची खोली शोधत. एका दिवसाची गोष्ट. तू सांगत होतीस आणि माझ्या नवरीवर पाकळ्या नुसत्या पडत राहिल्या, थांबवायचं सुचलंच नाही मला.

ती गोष्ट कुणाची होती, मला ठाऊक होतं. तुझा नवरा, तुझं निघून येणं, दौंडकडची तुझी आई, सगळं इकडून तिकडून कानावर आलं होतं. मला ठाऊक आहे हेही तुला ठाऊक होतं. पण दोघींनी एका शब्दानं कधी त्याचं नाव काढलं नाही. आपण बोलायचो ते माइकबद्दल, उन्हाबद्दल आणि डब्यात काय आणलंय त्याबद्दल.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून आपलं शूटिंग गुरुवारी. त्यातही तिथी निघाली की हे कॅमेरा घेऊन लग्नाला पळायचे आणि आपण बसायचो माश्या मारत. एका दिवसाची गोष्ट, आणि काढायला गेली दोन वर्षं! त्यात तो ऊस. हिराक्का रस्त्याला लागते तिथं मागं आप्पांचा ऊस तू हौसेनं निवडलास. पहिल्या गुरुवारी ऊस गुडघ्याएवढा. तिचं बोलणं अर्धं राहिलं, ते पुरं करायला आपण परत गेलो तर ऊस डोक्याच्या वर. तिसऱ्यांदा गेलो तर तोडून नेलेला, नुसतं पाचट! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "वैशे, बाई एक वाक्य बोलती, तेवढ्यात ऊस उगवून कारखान्याला गेला! लोकं हसतील आपल्याला."

तू त्या पाचटाकडं बघत उभी राहिलीस. मग म्हणालीस, "हसू देत. आईला घराबाहेर पाय टाकायला तेवढा येळ लागतोच."

मी तेव्हा तुला येडी म्हटलं. तो तुकडा आता जोडून झालाय. तीन ऊस एकामागं एक लागतात आणि ती पाय उचलते. कुणी हसणार नाही, वैशे.

आणि तेच आप्पा! आठवतं? दिवसभर आमच्या ह्यांनाच सांगत होते, "डायरेक्टरसाहेब, बांध तुडवू नका." हे बिचारे तुझ्याकडं बोट दाखवायचे, तरी आप्पांची मान तुझ्याकडं वळेना. बाईमाणूस कुठं डायरेक्टर असतं! मग तू शहाण्यासारखी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि चेहरा पाडून म्हणालीस, "साहेब, आप्पा म्हणत्यात बांध तुडवू नका." आणि लगेच आप्पांकडं वळून, "सांगितलं हां आप्पा त्यांना." मी उसात जाऊन हसले. ह्यांना तर तू फारच छळलंस. लग्नाची सवय म्हणून ते प्रत्येक ठिकाणी झूम करायचे, हिराक्का रडायला आली की कॅमेरा थेट तिच्या नाकात. तू म्हणायचीस, "दाजी, रडणाऱ्या माणसाच्या जरा लांब उभं राहावं. आपल्यात तशी रीत हाय ना?" त्यांना ते लागलं. पण शिकले ते, खरंच शिकले.

मीही शिकले की. मी आपली बँडवरचं गाणं चढवून सगळे आवाज दाबणारी बाई. तू मला सणसवाडीच्या त्या चाळीत नुसती बसवून ठेवायचीस, डोळे मिट म्हणायचीस. कुकरची शिट्टी, कंपनीच्या बसचा हॉर्न, शेजारच्या खोलीतल्या भाभीचं फोनवरचं हिंदी, नळाला पाणी आल्यावरची बादल्यांची पळापळ. "हे सगळं पायजे मला," तू म्हणायचीस. "ह्यातनंच ती आई येणार हाय." आता मला कुठंही गेलं तरी ऐकूच येत राहतं. ही सवय तू लावलीस. तुझे उपकार म्हणू की तुला शिव्या घालू, कळत नाही मला.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. शेवटच्या सीनचं.

आई लेकीच्या दारापाशी येते. तू म्हणायचीस, ती नुसती उभी राहील. हात वर करील, पण दार वाजवणार नाही, बोलणार नाही, आणि पिक्चर संपंल. मी म्हणायचे, अगं, एवढी तंगडतोड करून आलेली आई गप बसंल होय? लोकं दोन तास तिच्यामागं चालल्यात, त्यांना एक तरी वाक्य दे. मी लिहूनसुद्धा दिलं तुला: "मी आलीया गं. दार उघड." तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "चांगलं हाय. पण आया असं म्हणत न्हाईत."

"तुला काय माहीत?"

"माझी आली ना, तर गपच उभी राहील बघ."

दोन वर्षांत तेवढं एकदाच तू आईचं नाव काढलंस, आणि लगेच उठून बादली उचललीस. वर म्हणालीस, "शेवटचा सीन शेवटी घेऊ मने. तवर तुझं डोकं ठिकाणावर यील." म्हणून तो राहिला. बाकी सगळा पिक्चर डब्यात आणि तो एक सीन बाहेर. मग तुला ताप आला, आणि तू दवाखान्यात गेलीस ती चालत परत आली नाहीस.

वैशे, आता ऐक. हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझी आई आली.

तुला खोलीवर आणलं होतं, चाळीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझा भाऊ तिला जीपमधून घेऊन आला. ती दारात उभी राहिली. मी तिच्याकडं बघत होते, तुझं बोलणं माझ्या डोक्यात होतं, की गप उभी राहील. आणि ती बोलली. अगं, किती बोलली! "अगं भवाने, एवढ्याशा खोलीत राहत होतीस व्हय? उजेड तरी येतो का हितं? काय खात होतीस? एकदा बोलवायचं तरी मला, आले असते की गं मी पायानं! मी न्हाई म्हटलं म्हणून तू बी न्हाई म्हणायचं व्हय? ऊठ. ऊठ की आता, मी आलीया." बोलता बोलता उंबरा चढून आत आली आणि तुझे पाय मांडीवर घेऊन बसली, तरी बोलतच होती. भाऊ म्हणाला, "आई, बास." तिला ऐकू गेलं नाही.

मी ते भांडण जिंकले, वैशे. माझंच वाक्य होतं ते, जवळपास जसंच्या तसं. देवा, असं जिंकायचं असतं होय! माझी लेखणी झडली असती तर बरं झालं असतं. तू चुकली होतीस एवढं एकच मला तुला सांगायचं होतं. तुझी आई बोलणारी होती. हे तुला कळलं असतं तर तूच गेली असतीस दौंडच्या गाडीत बसून, पिक्चर काढायची गरजच पडली नसती.

तेरावं झालं. खोलीवाले मामा म्हणाले, "महिनाअखेर खोली मोकळी करा, दुसरं माणूस येणार हाय." लेकीची खोली म्हणून पिक्चरमध्ये तुझीच खोली होती, दुसरी कुठली परवडणार होती आपल्याला! म्हणजे शेवटचा सीन घ्यायचा तर आत्ताच, नाहीतर त्या दारावर दुसऱ्याचं नाव लागणार. मी हिराक्काला निरोप धाडला. ह्यांना म्हटलं, येत्या गुरुवारी. आणि मनाशी ठरवून टाकलं, माझं वाक्य घ्यायचं, आणि तेही हिराक्काच्या सुनेला फोनवर सांगून ठेवलं. आईच्या तोंडून मी ते ऐकलंय, आता वाद कशाचा? तुला वाईट वाटलं तर वाटू दे, असंही म्हटलं. मेलेल्या माणसावर असं चिडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

हिराक्का एसटीनं आली, पिक्चरमधलं तेच नऊवारी लुगडं नेसून. दाराकडं बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "ह्या वक्ताला काळजी करू नको. सुनंनं धा बारा डाव म्हणून घेतलंय. पाठ हाय माझं." आणि म्हणूनही दाखवलं, खणखणीत: मी आलीया गं, दार उघड.

ह्यांनी कॅमेरा लावला, जरा लांबच लावला. मी हेडफोन घातले. बादली तिथंच भिंतीशी होती, तिच्यावर बसायची माझी छाती झाली नाही, मी खाली फरशीवर बसले. तू कधी ॲक्शन म्हणायची नाहीस, त्यामुळं मलाही ते म्हणवेना. तुझंच म्हटलं. "हं, चला आक्का."

ती चालत आली. पायातली चप्पल काढली, हे कुणी सांगितलं नव्हतं. दारासमोर उभी राहिली. हात वर केला. आणि थांबली.

मला वाटलं, विसरली. माझ्या जिभेवर वाक्य होतं, नुसतं कुजबुजले असते तरी तिनं उचललं असतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मला तिची मान दिसली. तिनं ती थोडी कलती केली होती, आपल्या बाजूला, बादलीकडं. कान देऊन उभी होती ती. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, तू बघितलं असतंस तर तुला सांगता आलं असतं. वर केलेला हात हळूहळू खाली आला आणि चौकटीवर टेकला. शेजारच्या भाभीच्या कुकरची शिट्टी झाली. लांब कंपनीची बस वळली. हिराक्काची बांगडी लाकडाला लागून एवढीशी वाजली. मी तोंड मिटलं. ह्यांनीही झूम केला नाही. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली, आणि ह्यांनी कॅमेरा बंद केला.

मी जवळ गेले. म्हटलं, "आक्का, वाक्य विसरला का?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "पाठ हाय की. आधी ती म्हणंल म्हणून थांबले."

मग आम्ही दोघी त्या उंबऱ्यावर बसून रडलो, आणि हे पाठमोरे होऊन वायरी गुंडाळत बसले. हिराक्का डोळे पुसत म्हणाली, "परत घ्यायचं का? आता म्हंते मी." मी म्हटलं, "नको आक्का. झालं."

म्हणजे तुझंच झालं, वैशे. नुसती उभी राहिली, दार वाजवलं नाही, बोलली नाही. हवं होतं तसं करून घेतलंस तू, तिथं नसतानासुद्धा. आता खूश?

दुसऱ्या दिवसापासून मी पुसायला बसले. रोज थोडं थोडं करते. तू आई होतेस, कंडक्टर होतेस, चहावाली होतेस, घोगरा आवाज काढून खोलीवाले मामा होतेस, आणि मी एकेकाला घालवते. कुठं कुठं हिराक्का घाईनं तुझ्या शेवटच्या शब्दावर चढलीय, तिथं तुम्हा दोघींना वेगळं करता येत नाही. ते मी तसंच ठेवलंय. कुणी विचारलं तर म्हणेन, मशीनला जमलं नाही.

आज दुपारी शेवटचा सीन जोडायला घेतला. सवयीनं हिराक्काच्या आधी तुझी टेकडी शोधली. बटणावर बोट ठेवूनच बसले होते. पण तिथं कुकर होता, बस होती, ती बांगडी होती. पुढं मागं करून परत परत बघितलं. मला पुसायला तिथं काहीच नव्हतं.